ऑनलाइन कॅटलॉग करताय? आधी बघा लोकांना काय सापडत नाही

ग्रंथालयाचा ऑनलाइन कॅटलॉग नवीन करायचा ठरलं की पहिली मीटिंग सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर होते, दुसरी रंग आणि लोगोवर, आणि वाचक येऊन सर्चच्या चौकटीत नेमकं काय टाइप करतो हा विषय शेवटपर्यंत निघतच नाही. माझ्या मते क्रम उलटा पाहिजे. लोक काय शोधतात आणि त्यातलं काय सापडत नाही हे आधी बघा, निम्मं डिझाइन तिथेच ठरून जातं, सॉफ्टवेअरचं नंतर बघता येतं.

तसं तत्त्व म्हणून यात नवीन काही नाही. लेखक, शीर्षक, विषय यातलं काहीही एक माहीत असेल तरी माणसाला पुस्तक सापडलं पाहिजे हे अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटरने १८७६ मध्येच लिहून ठेवलंय. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच नियमांतला चौथा नियम म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०१६ च्या तालिकीकरण (कॅटलॉग बनवण्याच्या) तत्त्वांतही सगळ्यात वर वापरणाऱ्याची सोयच आहे. आणि एवढं सगळं असून माहितीशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीन बोर्गमन यांना १९८६ मध्ये ऑनलाइन कॅटलॉग वापरायला अवघड का असतात यावर लेख लिहावा लागला आणि दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, ते अजूनही अवघड का आहेत यावर दुसरा. मुद्दा तोच, की लोक प्रत्यक्षात कसं शोधतात ते समजून घेऊन कॅटलॉग बनवलेलेच नसतात. तर मग सुरुवात तिथूनच करू.

शून्य रिझल्टची यादी काढा

आत्ता जो कॅटलॉग चालू आहे, मग तो कितीही जुनापुराणा असो, त्याच्या सर्व्हरवर लॉग असतो, म्हणजे कुठली पानं मागितली गेली त्याची आपोआप होणारी नोंद. बहुतेक सिस्टिममध्ये शोधलेला शब्द वेब पत्त्यातच दिसतो, कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमध्ये तर सर्चच्या पत्त्यात प्रश्नचिन्हानंतर सरळ येतो, त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगितलं तर दोन-तीन महिन्यांचे सर्च काढून देणं फार अवघड नाही. साइटचा वापर मोजणारं मॅटोमोसारखं अॅनालिटिक्स लावलेलं असेल तर साइटवरचे सर्च तिथेही दिसतात. फक्त एक काम आधी करा, सभासद क्रमांक आणि आयपी पत्ता उडवून टाका. कोण काय वाचतं हे कुणालाच कळता कामा नये, आपल्याला फक्त शब्द हवेत.

मग ते शब्द परत कॅटलॉगमध्ये टाकून बघा आणि ज्यांना शून्य रिझल्ट येतात ते वेगळे काढा. हे काम कंटाळवाणं आहे पण दुसऱ्यावर ढकलू नका, स्वतः वाचल्याशिवाय डोक्यात बसत नाही. वाचता वाचता ढीग आपोआप पडत जातात. एक ढीग स्पेलिंग आणि शुद्धलेखनाचा. एक पुस्तकं खरंच आपल्याकडे नाहीत त्यांचा, हा खरेदी करणाऱ्याला द्या, त्याला फार उपयोगी पडेल. एक ढीग अशा लोकांचा की ज्यांनी कुठल्यातरी यादीतून शीर्षक, लेखक, आवृत्ती, प्रकाशक सगळं एका ओळीत उचलून तसंच चिकटवलं. एक आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकाचा, ज्यात मधे डॅश आहेत किंवा जुना १० आकडी नंबर आहे आणि कॅटलॉगमधल्या रेकॉर्डमध्ये १३ आकडी. आणि एक हमखास असतो तो म्हणजे ग्रंथालयाची वेळ, सभासद फी, जुन्या प्रश्नपत्रिका, वायफाय असल्या गोष्टींचा. या लोकांचं काही चुकलेलं नाही हं, त्यांना समोर एकच चौकट दिसली, त्यांनी त्यात विचारलं.

याच्या जोडीला देवघेव काउंटरवर एक वही ठेवा आणि लोक तोंडी काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायला सांगा. लॉगमध्ये फक्त टाइप केलेलं येतं, ज्याने कॅटलॉग उघडायचा कंटाळा केला आणि सरळ येऊन विचारलं तो लॉगमध्ये नसतोच. आणि डिझाइन करताना खरं तर त्याचाच विचार जास्त करायला हवा.

सर्चची चौकट

एकच ठेवा. मोठी, वर, मधोमध. शेजारी "शीर्षक की लेखक की विषय" असा ड्रॉपडाउन ठेवायचा मोह होतो, पण लोक तो बघतही नाहीत, जे आधीपासून निवडलेलं असेल तेच राहतं, आणि ते जर "शीर्षक" असेल तर लेखकाचं नाव टाकणाऱ्याला शून्य मिळतं आणि तो समजतो या लेखकाचं एकही पुस्तक इथे नाही. डिफॉल्ट "सगळीकडे शोधा" हेच हवं. अॅडव्हान्स्ड सर्च काढून टाका असं मी म्हणत नाही, संशोधकांना आणि स्टाफला तो लागतो, पण तो एका लिंकच्या मागे राहू दे.

एक चौकट ठेवली की सगळा भार रँकिंगवर, म्हणजे कुठला रिझल्ट वर दाखवायचा यावर येतो. नियम साधे ठेवा: शीर्षक तंतोतंत जुळलं तर ते पहिलं, मग शीर्षकात शब्द असलेली, मग लेखक, मग विषयशीर्षक (ग्रंथालयाने पुस्तकाला दिलेला विषय), आणि टीपा व अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी. सोलर किंवा इलॅस्टिकसर्च या सर्च इंजिनांवर चालणाऱ्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये, म्हणजे व्हूफाइंड असो, ब्लॅकलाइट असो की इलॅस्टिकसर्च जोडलेला कोहा असो, प्रत्येक फील्डला, म्हणजे शीर्षक, लेखक अशा रकान्याला, किती वजन द्यायचं हे ठरवता येतं. शब्द जास्त असतील तर आधी सगळे शब्द जुळणारी पुस्तकं दाखवा, आणि तशी एकही नसतील तरच एखादा शब्द सोडून जुळणारी, वर स्पष्ट लिहून की सगळे शब्द जुळले नाहीत, हे जवळचे आहेत. ते एका ओळीत सगळं चिकटवणारे लोक आठवतात ना, त्यांचा प्रश्न एवढ्याने बराच सुटतो.

आयएसबीएनसाठी दोन गोष्टी सांगा सॉफ्टवेअरवाल्याला. डॅश आणि स्पेस काढून टाकायच्या, आणि १० आकडी नंबर आला तर तो १३ आकडी करूनही शोधायचा. १३ आकडी पद्धत २००७ च्या जानेवारीपासून आली, त्याआधीच्या पुस्तकांवर सहसा १० आकडीच छापलेला असतो. नुसतं पुढे ९७८ लावून भागत नाही, शेवटचा तपासणी अंक परत काढावा लागतो, पण ते चार ओळींचं काम आहे.

रँकिंग जमलंय का हे अंदाजाने ठरवू नका. लॉगमधून तीस-चाळीस खरे सर्च निवडा, प्रत्येकासमोर लिहा की इथे पहिल्या पाचात अमुक पुस्तक यायलाच हवं, आणि सेटिंग बदललं की दरवेळी ही यादी परत चालवा. नाहीतर एकासाठी दुरुस्त करायला जाता आणि दुसऱ्या दहांचं बिघडतं, आणि ते कळतही नाही.

देवनागरीचा घोळ

मराठी पुस्तकं असलेल्या कॅटलॉगमध्ये शून्य रिझल्टचा सगळ्यात मोठा ढीग बहुतेक इथलाच निघतो. आपल्याला एकच वाटणारा शब्द कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द वाटतात. "हिंदी" आणि "हिन्दी", "ग्रंथ" आणि "ग्रन्थ". "ॲ" हे एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि अ वर चंद्र देऊनही. "दऱ्या"मधला र दोन पद्धतींनी लिहिता येतो, त्यातल्या एकीत न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर असतो. कुणी १९७५ टाइप करतं तर कुणी तेच आकडे इंग्रजीत. त्यात पुन्हा ऱ्हस्व-दीर्घ. मोबाइलवर घाईत टाइप करणारा माणूस वेलांटी पहिली की दुसरी याचा विचार करत बसत नाही आणि त्याने करावाही का, त्याला पुस्तक हवंय, शुद्धलेखनाचे मार्क नाही.

उपाय असा की इंडेक्स (सर्च ज्यात बघतो ती शब्दांची यादी) बनवताना आणि सर्च घेताना, दोन्हीकडे शब्द एकाच साच्यात आणायचा. दीर्घाचा ऱ्हस्व, चंद्रबिंदूचा अनुस्वार, अक्षराखालचा नुक्ता काढून टाकायचा, न दिसणारे कॅरेक्टर काढायचे, आकडे एका प्रकारचे. स्क्रीनवर मात्र मूळ शुद्ध रूपच दाखवायचं, हा साचा फक्त आतल्या आत. इलॅस्टिकसर्चमध्ये भारतीय लिप्यांसाठी एक आणि हिंदीसाठी एक असे नॉर्मलायझेशनचे फिल्टर तयार मिळतात, ते मराठीलाही बऱ्यापैकी चालतात कारण लिपी एकच. हिंदीचा स्टेमर मात्र लावू नका. तो हिंदीचे प्रत्यय कापतो, मराठीत "पुस्तकांचा", "घराण्याचे" असली सामान्यरूपं त्याला झेपत नाहीत आणि भलतंच काहीतरी कापून ठेवतो. कोहा जुन्या झेब्रा सर्च इंजिनवर चालत असेल तर निदान आयसीयू इंडेक्सिंग (वेगवेगळ्या लिप्या नीट हाताळणारी सोय) चालू आहे का बघा, ते नसेल तर देवनागरी सर्चची फार आशा ठेवू नका.

आणखी एक टेस्ट, दोन मिनिटांची. कॅटलॉगमधल्या एखाद्या मराठी रेकॉर्डमधला शब्द स्क्रीनवरून कॉपी करा आणि साध्या टेक्स्ट फाइलमध्ये चिकटवा. तिथे भलतीच इंग्रजी अक्षरं उमटली तर तो डेटा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेला आहे. असा डेटा स्क्रीनवर छान दिसतो पण जन्मात सापडत नाही. तो कन्व्हर्ट करून घेतल्याशिवाय बाकी कशालाही हात लावू नका.

पर्यायी शब्दांची यादीही लागते. संगणक, कॉम्प्युटर, कंप्युटर. शेती आणि कृषी. वाचक बोलतो ते एक आणि विषयशीर्षकात असतं ते दुसरं, ही यादी घरी बसून कल्पनेने करू नका, लॉगमधूनच करा, ती छोटी पण कामाची होते. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणारेही भरपूर असतात. मार्क या ठरावीक साच्यातल्या कॅटलॉग रेकॉर्डमध्ये दुसऱ्या लिपीतलं शीर्षक ठेवायला ८८० नंबरचं फील्ड आहे आणि पर्यायी शीर्षकासाठी २४६, ती भरलेली असतील आणि इंडेक्समध्ये घेतलेली असतील तर हे लोकही पोचतात. मात्र रोमनमध्ये लिहायच्या लोकांच्या पद्धती इतक्या वेगवेगळ्या की सगळ्या पकडायच्या मागे लागू नका, निदान लेखकांची नावं आणि जास्त मागणीची शीर्षकं तेवढी करा.

लेखकांच्या नावांचं तर विचारूच नका. आद्याक्षरं टिंबासह, टिंबाशिवाय, मधे स्पेस देऊन, जोडून, आडनाव आधी, आडनाव नंतर, टोपणनाव. यावरचा खरा इलाज म्हणजे नावांचं अधिकृत रेकॉर्ड, ज्यात सगळी रूपं एका नावाखाली बांधलेली असतात. ते काम मोठं आहे, कबूल, पण तुमच्याकडे सगळ्यात जास्त शोधल्या जाणाऱ्या शंभर लेखकांपासून सुरुवात केली तरी फरक दिसतो.

रिझल्टचं पान

प्रत्येक ओळीत काय हवं? शीर्षक, लेखक, साल आणि आवृत्ती, भाषा, छापील की ई-बुक की आणखी काही, आणि आत्ता मिळेल का. एवढं पुरे. मुखपृष्ठाचं चित्र असेल तर छान, नसेल तर करड्या रंगाचा रिकामा डबा दाखवू नका, निम्मी स्क्रीन खातो तो. पृष्ठसंख्या, सेंटिमीटरमधली उंची, ग्रंथसूचीची टीप हे सगळं पुस्तकाच्या स्वतःच्या पानावर खाली जाऊ दे.

डाव्या बाजूला फिल्टर देण्याची पद्धत आता सगळीकडे आहे, ग्रंथालयांमध्ये ती गाजली ती २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅटलॉगमुळे. चार-पाच फिल्टर ठेवा: आत्ता उपलब्ध, शाखा, प्रकार, भाषा, साल. विषयाचा ठेवायचा तर ठेवा, पण त्यात दोनशे नोंदींची शेपूट नको. आणि एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. फिल्टर डेटाइतकेच खरे असतात. मार्कच्या ००८ फील्डमध्ये ३५ ते ३७ या जागी भाषेचा कोड असतो, तो ज्या रेकॉर्डमध्ये रिकामा किंवा चुकीचा आहे ते पुस्तक "मराठी" वर क्लिक केल्या केल्या गायब होतं, आणि वाचकाला कळतही नाही की ते होतं. म्हणून कुठलाही फिल्टर चालू करण्याआधी मोजा की किती रेकॉर्डमध्ये ती माहिती आहेच नाही. निम्म्यात नसेल तर तो फिल्टर लावू नका, आधी डेटा भरा.

एकाच पुस्तकाच्या सात आवृत्त्या सात ओळींत येणं हाही त्रास. इफ्लाच्या १९९८ च्या एफआरबीआर या ग्रंथनोंदींच्या मॉडेलपासून हे सगळं एका साहित्यकृतीखाली गोळा करायची कल्पना आहे आणि बऱ्याच सिस्टिममध्ये तशी सोय असते. कादंबरीला हे उत्तम चालतं, कुठलीही प्रत मिळाली तरी वाचकाचं भागतं. पाठ्यपुस्तकं आणि कायद्याच्या पुस्तकांना मात्र सांभाळून, तिथे आवृत्ती हीच मुख्य गोष्ट, जुनी हातात पडली तर नुकसान होतं. गोळा केलंत तरी नवी आवृत्ती वर आणि साल ठळक पाहिजे.

सापडलं, पण मिळेल का

ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेने २००९ मध्ये ऑनलाइन कॅटलॉगवर एक मोठा अहवाल काढला होता, त्यातून असं पुढे आलं की वाचकाला पुस्तक मिळणं हे सापडण्याइतकंच, कधी त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं. काउंटरवर बसणाऱ्याला हे अहवालाशिवायही माहीत असतं. तरी बहुतेक कॅटलॉगमध्ये सगळी मेहनत सर्चवर आणि शेवटचा टप्पा म्हणजे नुसता एक बोधांक, म्हणजे पुस्तकाची जागा सांगणारा नंबर.

बोधांक हवाच, पण एकटा नको. मजला, दालन, रॅक नंबर लिहा, जमलं तर छोटा नकाशा. पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर परत यायची तारीख, रांगेत किती जण आहेत ते, आणि त्याच जागी राखून ठेवायचं बटण. त्या बटणावर क्लिक केल्यावर लॉगिन मागितलं तर लॉगिननंतर वाचक त्याच पुस्तकावर परत आला पाहिजे, होमपेजवर नाही. हे इतकं साधं आणि इतक्या ठिकाणी बिघडलेलं असतं की चीड येते.

स्टेटसची भाषा तपासा. "प्रक्रियाधीन", "संदर्भ-प्रत", "हस्तांतरणात" हे आपल्या आतल्या कामाचे शब्द. वाचकाला तीनच उत्तरं हवी असतात: आत्ता मिळेल, नंतर मिळेल (कधी ते सांगा), इथे बसून वाचता येईल. मागे सिस्टिममध्ये वीस स्टेटस असू देत, समोर या तिघांतच बसवा. आणि "उपलब्ध" म्हणून दिसणारं पुस्तक रॅकवर नसेल तर "जागेवर सापडलं नाही" असं कळवायचं बटण तिथेच ठेवा, हरवलेल्या पुस्तकांची यादी वाचकच करून देतात.

ई-बुक असेल तर एकच बटण, "वाचा". दुवे मार्कच्या ८५६ फील्डमध्ये असतात आणि ते मरतात, त्यामुळे दर महिन्याला दुवे तपासणारा प्रोग्रॅम चालवायला लावा.

शून्य रिझल्ट तरीही येणारच, तर ते पानही नीट बनवा. जवळचा शब्द सुचवा, शाखा किंवा भाषेचा फिल्टर लागलेला असेल तर तो काढून किती मिळतात ते दाखवा, "हे पुस्तक मागवा" असा छोटा फॉर्म द्या ज्यात टाइप केलेलं आधीच भरलेलं असेल, आणि ग्रंथपालाला विचारायची सोय. वेळ, फी असल्या शब्दांसाठी उत्तर थेट त्याच पानावर वर दाखवा.

मोबाइल वगैरे

थोडक्यात. आधी मोबाइलवर डिझाइन करा, मग मोठ्या स्क्रीनवर. बॅकचं बटण चाललं पाहिजे, पुस्तकाच्या पानाचा पत्ता कायमचा पाहिजे म्हणजे लोक तो एकमेकांना पाठवू शकतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट निदान ४.५ ला १, बटणं निदान २४ बाय २४ पिक्सेल, हे डब्ल्यूसीएजी २.२ मधलं, म्हणजे वेबसाइट अपंगांसह सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीतलं, मध्यम पातळीचं मोजमाप आहे. माउसशिवाय नुसत्या कीबोर्डने पुस्तक राखून ठेवता येतं का ते स्वतः करून बघा. पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून लिहिलेली हवी, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जातो किंवा चक्क गाळतो.

लोकांना बसवून बघा

हे सगळं झालं की, खरं तर अर्धवट झालं की लगेच, पाच जणांना बोलवा. वेबसाइट वापरायला किती सोप्या आहेत याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००० साली मांडलं की पाच माणसांत बहुतेक मोठे अडथळे दिसून येतात, सगळे नाही, पण दुरुस्तीला लागण्याइतके नक्की. स्टाफ नको, समितीचे सदस्य तर नकोच. एक नवखा, एक नियमित येणारा, एक विद्यार्थी, एक वयस्कर, एक फक्त मोबाइल वापरणारा असं काहीतरी.

काम देताना कॅटलॉगचे शब्द वापरू नका. "विषय शोधातून अमुक शोधा" असं सांगितलं की उत्तर सांगून टाकल्यासारखंच झालं. "तुम्हाला घरी मधमाश्या पाळायच्यात, आज नेता येईल असं एखादं पुस्तक बघा" असं सांगा. आणि मग गप्प बसा. ही सगळ्यात अवघड पायरी, समोरचा माणूस चुकीच्या ठिकाणी क्लिक करत असतो आणि तुमची जीभ वळवळत असते, पण तो कुठे अडखळतो तेच बघायला तर बसलोय. काय टाइप केलं, कुठे थांबला, कुठल्या शब्दावर कपाळाला आठी आली, कधी सोडून दिलं, लिहून घ्या. शेवटी "आवडलं का" विचारू नका, सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा पुस्तक कुठल्या रॅकवर आहे ते विचारा आणि तो बरोबर सांगतो का बघा, किंवा सरळ रॅकपर्यंत जाऊ द्या.

दोन जण एकाच जागी अडले की ते दुरुस्त करा, मग पुढच्या पाच जणांना बोलवा. समितीत कुणी म्हणालं की आमच्या वेळी कार्ड कॅटलॉग सगळ्यांना यायचा, तर वाद घालू नका, पुढच्या टेस्टला त्यांना मागे खुर्ची टाकून बसवा.

चालू झाल्यावर कॅटलॉग कुणाच्या तरी नावावर करा. महिन्यातून एकदा शून्य रिझल्टची यादी काढायची, वरचे पन्नास बघायचे, आणि प्रत्येकासमोर लिहायचं की हे रेकॉर्ड दुरुस्त करणाऱ्याचं, हे पर्यायी शब्दांच्या यादीचं, हे खरेदीचं आणि हे सॉफ्टवेअरवाल्याचं. पुढच्या महिन्यात तेच शब्द परत दिसले तर कुणाकडे अडकलंय ते नावानिशी कळतं.